वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी: गरम पाण्याच्या कुंडांवर पहिल्यांदा जाताना

वज्रेश्वरीला पहिल्यांदा जाणारी मंडळी घरातून नऊ वाजता, नाश्ता करून निघतात आणि बारा वाजता कुंडाशी पोहोचतात. तोवर डोक्यावर ऊन असतं, कुंडात माणसं मावत नाहीत, पाणी गढूळलेलं असतं आणि वरून-खालून दोन्हीकडून तापून जीव हैराण होतो. मग "तिथे काही खास नाही" असं सांगत परततात. तेच कुंड सकाळी सहाला वेगळं असतं. पाणी स्वच्छ, वर वाफेचा पातळ पडदा, पाच-सात गावकरी, आणि बाहेर पडल्यावर अंगाला लागणारी गार हवा. या सहलीतली निम्म्याहून जास्त गंमत वेळेत आहे. म्हणून खालच्या सगळ्या सूचना पहाटेच्या हिशेबानं दिल्या आहेत.

कुठे काय आहे

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी ही तीन गावं आहेत. मुंबईपासून अंतर साधारण ७५ किलोमीटर. तिन्ही गावांची नावं लोक सरसकट 'वज्रेश्वरी' म्हणून घेतात, आणि नव्या माणसाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

वज्रेश्वरी हे देवीचं गाव. जुनं नाव वडवली. देऊळ, बाजार, एसटीचा थांबा इथे. अकलोली तिथून दीडेक किलोमीटरवर. नदीकाठची, रामेश्वर महादेवाच्या देवळाजवळची कुंडं ती अकलोलीची. 'वज्रेश्वरीची कुंडं' म्हणून मुंबईकर ज्यांच्याबद्दल बोलतो ती बहुतेक वेळा हीच. गणेशपुरी वज्रेश्वरीपासून दोनेक किलोमीटरवर. संत नित्यानंदांची समाधी आणि भीमेश्वर महादेवाच्या देवळालगतची कुंडं तिथे आहेत. पलीकडे निंबवलीलाही गरम पाणी आहे. पाच किलोमीटरच्या टापूत मिळून वीस-एकवीस झरे मोजले जातात, पण पहिल्या फेरीला अकलोली किंवा गणेशपुरी यांपैकी एकच ठिकाण आंघोळीसाठी ठरवा. दोन्हीकडे डुबकी मारायच्या हट्टापायी माणूस दमतो आणि धड कुठलंच होत नाही.

निवड कशी करावी? मित्रमंडळी, लहान मुलं, मोकळेपणा हवा असेल तर अकलोली. देवदर्शनाच्या भावनेनं, शांतपणे स्नान करायचं असेल तर गणेशपुरी. तिथे आरडाओरडा, पाण्यात उड्या, मोठ्यानं गाणी चालत नाहीत आणि चालूही नयेत.

पाणी गरम का असतं

देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे पाणी, असं गावात सांगतात. भूगर्भशास्त्राचं उत्तर असं, की पावसाचं पाणी काळ्या कातळातल्या भेगांमधून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेवाटे वर येतं. पालघरमधल्या कोकनेर, सातिवलीपासून थेट राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात असे झरे ओळीनं आहेत. दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचं पाणी त्यांत सर्वांत तापट, सत्तर अंशांच्या घरातलं. जवळपास जिवंत ज्वालामुखी आहे असा समज करून घेऊ नका. दख्खनचा कातळ ज्या लाव्ह्याचा झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेला आहे.

हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. कुंडाच्या तळातून बुडबुडे येताना दिसले की लोक म्हणतात, पाणी उकळतंय. उकळत नसतं. पाण्याबरोबर वर येणारा वायू, मुख्यतः नायट्रोजन, बाहेर पडत असतो. पण जिथे बुडबुडे तिथे उमाळा, म्हणजे झरा वर येण्याची जागा, आणि उमाळ्यावरचं पाणी कुंडातल्या इतर पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. त्यामुळे तिथे पाय ठेवायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

कधी जावं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पहाटेची थंडी जितकी जास्त, तितकी आंघोळ सुखाची. मार्चनंतर पहाटे सहा ते आठ एवढीच वेळ उरते. एप्रिल-मे मध्ये दुपारी कुंडात उतरणं म्हणजे स्वतःहून उन्हाचा झटका ओढवून घेणं.

पावसाळ्यात जाऊच नका. कुंडं नदीला लागून आहेत. वरच्या अंगाला तानसा धरण आहे, मुंबईला १८९२ पासून पाणी देणारं. ते भरलं की दरवाजे उघडतात आणि खालच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो. तानसा फुगली की काठची कुंडं गढूळ पुराच्या पाण्याखाली जातात. पाऊस नसतानाही पाणी वाढू शकतं, कारण पाऊस वर पडलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात हिरवाई बघायला गेलात तर लांबूनच बघा.

वारांचंही गणित आहे. रविवार आणि जोडसुट्ट्या टाळा. मंगळवार-शुक्रवार देवीचे म्हणून देवळात रांग असते. गुरुवारी गणेशपुरीत गर्दी, गुरुपौर्णिमेला तर विचारूच नका. नवरात्रात दर्शन होईल, पण आंघोळीचा बेत ठेवू नका. चैत्र अमावास्येला देवीची मोठी यात्रा भरते. ती बघायचीच असेल तर यात्रा म्हणून वेगळे जा. बाकी सोमवार, बुधवार, शनिवारची पहाट, यांतली कुठलीही चालेल.

कसं पोहोचावं

लोकलनं जायचं तर पश्चिम रेल्वेवर वसई रोड किंवा विरारला उतरा. पुढे तीसेक किलोमीटर रस्ता. एसटी आहे, पण तासाला नेमानं सुटेल या भरवशावर राहू नका. उतरल्याबरोबर आधी डेपोच्या चौकशी खिडकीवर वज्रेश्वरीच्या पुढच्या दोन गाड्यांच्या वेळा आणि *परतीच्या शेवटच्या गाडीची* वेळ विचारून घ्या. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा, आणि तो दहांतले नऊजण विचारत नाहीत. मध्य रेल्वेवाल्यांनी ठाणे किंवा कल्याणहून भिवंडी गाठावी आणि भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरी. हे अंतर साधारण सत्तावीस किलोमीटर पडतं.

पहाटे सहाला कुंडावर असायचं असेल तर सार्वजनिक वाहनानं ते जमणार नाही. अशा वेळी दोन पर्याय उरतात. एक, आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम. दोन, स्वतःची गाडी.

गाडीनं जाताना दहिसर सोडलं की अहमदाबाद महामार्ग धरा. घोडबंदरचा पूल, वसई फाटा, विरार फाटा असं जात शिरसाड फाट्याला उजवीकडे वळायचं. खानिवड्याचा टोलनाका दिसला तर फाटा मागे राहिला असं समजा आणि पुढून वळून या. दुभाजकाच्या फटीतून उलट्या दिशेनं घुसू नका. या महामार्गावर पहाटे कंटेनर भरधाव असतात. शिरसाडहून अंबाडीकडे जाणाऱ्या रस्त्यानं मांडवी, पारोळ, उसगाव करत पंधरा-वीस किलोमीटर गेलं की आपला टापू सुरू होतो. हा रस्ता खड्ड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळा संपल्यावरचे दोन महिने अंतराकडे न बघता वेळ धरा, आणि दुचाकीवर अंधारात जाणार असाल तर वेग तिशीतच ठेवा.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी यांच्यात रिक्षा मिळतात. बसायच्या आधी भाडं ठरवा, आणि 'शेअर' की 'स्पेशल' हे स्पष्ट विचारा. न विचारता बसलात तर ती स्पेशल असते. थंडीत पायीही सहज जाता येतं, पण आंघोळीनंतर नव्हे, आधी.

पिशवीत काय हवं

गडद रंगाचे, जाडसर सुती कपडे आंघोळीसाठी. पांढरे किंवा फिकट कपडे ओले झाले की पारदर्शक होतात, शिवाय पाण्यातल्या क्षारांनी त्यांच्यावर पिवळट झाक येते. सार्वजनिक कुंडावर बायका साडीत किंवा सलवार-कुडत्यात उतरतात, पुरुष अर्ध्या चड्डीत किंवा पंचा गुंडाळून. पोहण्याचा आखूड पोशाख इथे विचित्र दिसतो आणि नकोशा नजरा ओढवतो.

माणशी एक जुना टॉवेल आणि एक पंचा. कपडे बदलायला आडोसा प्रत्येक कुंडापाशी असतोच असं नाही, तेव्हा पंचा आणि बायकांसाठी गाऊन किंवा मोठी चादर. रबराचे, मागे पट्टा असलेले सॅंडल. साध्या स्लिपर ओल्या फरशीवरून सटकतात आणि कुंडाबाहेर काढून ठेवल्या की दुसऱ्याच्या पायात जातात. एक स्टीलचा तांब्या. प्लॅस्टिकचा मग चालेल, पण तांब्यानं पाणी हळू ओतता येतं. ओल्या कपड्यांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी. प्यायचं पाणी माणशी दीड लिटर. लिंबू, साखर, मीठ यांची पुडी. सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटा.

शक्य असेल तर अंघोळीच्या पाण्याचा तापमापक घ्या, लहान मुलांच्या टबासाठी मिळतो तसला. शंभर अंदाजांपेक्षा तो बरा.

दागिने घरी ठेवा. चोरीचं भय आहेच, पण चांदीचं वेगळं कारणही आहे. काही झऱ्यांना हलका गंधकाचा वास असतो आणि अशा पाण्यात चांदीचे पैंजण, जोडवी काळवंडतात. नंतर घासून निघतात, पण पहिल्यांदा बघून धस्स होतं.

साबण-शाम्पू नेऊ नका. कुंडात साबण लावणं हा दुसऱ्याच्या आंघोळीच्या पाण्यात हात धुण्याचा प्रकार आहे. शिवाय या क्षारट पाण्यात साबणाला फेसही धड येत नाही.

कुंडावर: पायरीपायरीनं

घाई करून चुकायची जागा हीच, म्हणून नीट वाचा.

१. निघण्यापूर्वी पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको. एक केळं, दोन बिस्किटं, अर्धा कप चहा एवढं पुरे. भरपेट नाश्ता केला असेल तर दीड तास थांबा. पोटाकडे आणि कातडीकडे एकाच वेळी रक्त खेचलं गेलं की डोकं हलकं होतं आणि मळमळतं. दारू पिऊन उतरणं तर सरळ जिवाशी खेळ. रक्तदाब घसरतो, भोवळ येते आणि कमरेएवढ्या पाण्यातही माणूस बुडतो.

२. पोहोचल्यावर आधी सगळी कुंडं फिरून बघा. शेजारीशेजारी असलेल्या कुंडांचं पाणी सारखं गरम नसतं. उमाळ्याचं कुंड सर्वांत तापट, पुढची त्याहून निवलेली. कुंडाप्रमाणे पाणी साधारण चाळीसपासून पन्नासच्या वरपर्यंत जातं. गावकरी ज्या कुंडात निवांत बसलेत ते निवडा. जे कुंड मोकळं आहे ते आपल्यासाठीच रिकामं ठेवलंय असं समजू नका. ते मोकळं आहे कारण त्यात बसवत नाही.

३. बायकांसाठी वेगळं किंवा आडोशाचं कुंड कुठे आहे, आणि कुंडाची सफाई कधी होते, हे तिथल्या माणसाला विचारा. "काका, आज कुठलं कुंड साफ केलंय?" एवढ्या प्रश्नात काम होतं. नुकतं भरलेलं कुंड स्वच्छ असतं, पण नेहमीपेक्षा गरमही असू शकतं.

४. हात नव्हे, मनगटाची आतली बाजू किंवा कोपर पाण्यात धरा. तळहाताची कातडी निबर असते, ती फसवते. दहा सेकंद आरामात धरवलं तर पाणी बसण्याजोगं. चटका बसून हात आपोआप मागे आला तर ते कुंड आपलं नाही. तापमापक असेल तर हिशेब सोपा: ३८ ते ४० नव्या माणसासाठी, ४१-४२ सवय झालेल्यांसाठी, ४३ च्या वर फक्त तांब्यानं अंगावर घ्यायचं, तेही गार पाणी मिसळून. पन्नास अंशांच्या पाण्यात पाचेक मिनिटांत कातडी भाजते, साठला पाच सेकंद पुरतात. लहान मुलांना याहून कमी वेळ लागतो.

५. आता तांब्या. आधी पावलांवर, मग गुडघे, मांड्या, कंबर, हात, खांदे. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन तांबे. डोक्यावर गरम पाणी सर्वांत शेवटी, किंवा नाहीच. आपल्याकडे देवाचं नाव घेऊन पहिला तांब्या डोक्यावर ओतायची सवय असते. इथे ती सोडा.

६. पायऱ्यांवर बसून पाय सोडा, दोन मिनिटं थांबा, मग एकेक पायरी उतरा. पायऱ्यांना शेवाळ असतं. तोंड कुंडाकडे न करता पायऱ्यांकडे करून, हातानं काठ धरून, शिडी उतरतो तसं उतरा. उडी कधीही मारू नका. पाण्याची खोली दिसत नाही, तळाला दगड आहेत, आणि गरम पाण्यात एकदम सबंध शरीर गेलं की छातीत धडधड होते.

७. छातीपर्यंत पाणी पुरे. पहिली बैठक पाच मिनिटांची. बाहेर येऊन काठावर पाच-दहा मिनिटं बसा, चार घोट पाणी प्या. बरं वाटलं तर आणखी पाच मिनिटं. एकूण पंधरा मिनिटांवर जाऊ नका. "शेजारचे आजोबा अर्धा तास बसलेत" हा युक्तिवाद चालत नाही. आजोबा चाळीस वर्षं रोज बसतायत.

८. डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका, गुळण्या करू नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा वाढू शकतो. नाकावाटे तो मेंदूपर्यंत पोहोचला तर होणारा आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर वाचणारे फार थोडे. हे पाणी नुसतं अंगाला लागल्यानं काही होत नाही. धोका नाकाचा आहे. मुलं पाण्यात शिवाशिवी खेळतात, एकमेकांवर तोंडावर पाणी उडवतात, ते थांबवा.

९. उठताना सावकाश. आधी एक पायरी वर बसा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा. गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. झटकन उठलं की रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. इथले बहुतेक अपघात पाण्यात नाही, पाण्याबाहेर पडतानाच्या दोन पावलांत होतात.

१०. अंग कोरडं करा, कपडे बदला, सावलीत किमान अर्धा तास बसा. या वेळात अर्धा लिटर पाणी किंवा लिंबूसरबत चिमूटभर मीठ घालून प्या. चहा नंतर. क्षारांनी अंग ओढल्यासारखं वाटतं, ते दोन तांबे साध्या पाण्यानं जातं. घरी गेल्यावर खोबरेल लावा.

कोणी उतरू नये

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब (जास्त असो की कमी), फिट येण्याचा आजार, ताप, उघडी जखम, आलेले डोळे असतील तर कुंडात उतरू नका. गरोदर बायकांनी पाय सोडून बसण्यापलीकडे जाऊ नये. पाच वर्षांखालच्या मुलांना कुंडात नेऊ नका; बादलीत गार पाणी मिसळून वरून आंघोळ घाला.

मधुमेह जुना असेल तर विशेष सांगायचं. पायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे पाणी किती गरम आहे ते पायांना कळतच नाही. माणूस "छान वाटतंय" म्हणत बसतो आणि घरी गेल्यावर तळव्याला फोड दिसतात. अशांच्या बाबतीत पाण्याची परीक्षा दुसऱ्यानं करावी.

त्वचारोग, सांधेदुखी यांसाठी लोक श्रद्धेनं येतात. गरम पाण्यानं आखडलेले स्नायू मोकळे होतात, गुडघ्यांना काही तास आराम पडतो, यात खोटं काही नाही. त्या भरात गोळ्या बंद करू नका. सोरायसिस किंवा खरजेची चिघळलेली कातडी असेल तर आपल्यासाठी आणि दुसऱ्यांसाठीही सार्वजनिक कुंड टाळा.

काही बिघडलंच तर

भोवळ आली: माणसाला लगेच पाण्याबाहेर काढून सावलीत आडवं करा, पाय फूटभर उंच करा, कपडे सैल करा. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच घोट-घोट पाणी द्या. दहा मिनिटांत सुधारणा नसेल, छातीत दुखत असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर १०८ ला फोन करा. "जरा पडून राहू दे" म्हणत वेळ घालवू नका.

भाजलं: साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काहीही लावायचं नाही. फोड आले तर फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठा.

घसरून मार बसला: सूज आली म्हणून "गरम पाण्यात शेक" असं कोणीतरी सांगेलच. ताज्या मारावर गरम नको, बर्फ हवा. बाजारात कोल्ड्रिंकवाल्याकडे मिळतो.

लॉजचे हौद

गर्दीत उतरायचं नसेल, घरात वयस्क किंवा संकोची माणसं असतील, तर परिसरातल्या काही लॉज आणि रिसॉर्टांत गरम पाण्याचे बंदिस्त हौद किंवा न्हाणीघरं तासाच्या हिशेबानं मिळतात. पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, पाणी झऱ्याचं आहे की गिझरचं. हे सरळ विचारा, आणि नळ सोडून पाण्याची चव जिभेच्या टोकावर घ्या, झऱ्याचं पाणी किंचित खारट लागतं. दोन, हौद तुमच्यासमोर भरून देणार का, की आधीच्या गिऱ्हाईकाच्याच पाण्यात बसवणार. तीन, गार पाण्याचा नळ हौदाला आहे का. तो नसेल तर पाणी निवेपर्यंत तुमचा तास संपतो, आणि मालक घड्याळ बघत दार वाजवतो. बंद न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा आणि एकट्यानं आतून कडी घालू नका.

मग देवी

परंपरा स्नान करून दर्शनाची आहे आणि ती सोयीचीही आहे. फक्त मध्ये तो अर्धा तास हवा, कारण देवळाला दगडी बावन्न पायऱ्या आहेत. नुकतंच गरम पाण्यातून निघून सरळ चढायला लागलं की निम्म्यावर दम लागतो आणि "वय झालं" असं उगाच वाटतं.

देऊळ टेकडीवर आहे आणि लांबून किल्ल्यासारखं दिसतं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, १७३९ मध्ये किल्ला हाती आला आणि मग हे देऊळ उभं राहिलं, असा इतिहास सांगतात. प्रवेशाचा नगारखाना वसईच्या किल्ल्याच्या दरवाजाच्या धर्तीवर बांधलेला. चढताना पायऱ्यांकडे लक्ष ठेवा. एका पायरीवर सोनेरी कासव आहे, बरेचजण ते तुडवून जातात. गाभाऱ्यात मधोमध वज्रेश्वरी, शेजारी रेणुका, सप्तशृंगी.

ओटी भरायची असेल तर खण, नारळ, तांदूळ खालच्या बाजारात घ्या. "आधी घ्या, पैसे नंतर द्या" म्हणणाऱ्या दुकानदाराला पैसे आधीच द्या आणि किंमत विचारून द्या. चपला त्याच दुकानात ठेवता येतात. ओल्या कपड्यांची पिशवी देवळात नेऊ नका.

गणेशपुरी

भगवान नित्यानंदांचं देहावसान ८ ऑगस्ट १९६१ चं. त्यांचं समाधिमंदिर, शेजारी भीमेश्वर महादेव आणि लगतची कुंडं, हे सगळं पायी पायी अर्ध्या तासात बघून होतं, पण इथे बसायला वेळ ठेवा. कपडे अंगभर हवेत, ओल्या अंगानं आत जायचं नाही, फोटो काढायच्या आधी विचारायचं. गावातला, नित्यानंदांचे शिष्य मुक्तानंद यांचा मोठा आश्रम वेगळा. तो येत्याजात्याला बघायला खुला नसतो, त्यामुळे दारावर जाऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

नित्यानंदांचे भक्त केरळ-कर्नाटकातून मोठ्या संख्येनं येतात, म्हणून गणेशपुरीत चांगली इडली मिळण्याची शक्यता वज्रेश्वरीपेक्षा जास्त. आंघोळीनंतरची पहिली खरी भूक इथे भागवा. गरम इडली, सांबार आणि नंतर चहा. तेलकट वडे आणि मिसळ अकराच्या पुढे.

परतताना

नऊ-साडेनऊपर्यंत स्नान, दर्शन, खाणं उरकलेलं असतं. त्याच वेळी शहरातल्या गाड्या यायला लागतात आणि अरुंद रस्त्यावर कोंडी सुरू होते. तुम्ही उलट्या दिशेनं जात असता, म्हणून सुटता. वाटेत वाडा कोलम तांदूळ विकायला ठेवलेला दिसेल. घ्यायचा तर मूठभर हातात घेऊन बघा. दाणा बारीक आणि सारखा असावा, कणी कमी. पाटीवर नाव कोलमचं आणि पोत्यात भलतंच, असंही होतं. एप्रिल-मे मध्ये आदिवासी बायका करवंदं, जांभळं, ताडगोळे घेऊन बसतात. तिथे घासाघीस करू नका.

गाडी चालवणाऱ्यानं मात्र कुंडात दुसरी बैठक घेऊ नये. गरम पाण्यानंतर तासाभरात जी सुस्ती येते ती नेमकी महामार्गावर, घोडबंदरच्या अलीकडे गाठते. निघायच्या आधी वीस मिनिटं सीट मागे करून पडा, किंवा चालकाला पहिल्यापासूनच काठावर बसवून फक्त पाय सोडायला सांगा. आणि ओल्या कपड्यांची पिशवी डिकीत विसरू नका; क्षारट पाण्याचा तो ओला टॉवेल दुसऱ्या दिवशी उघडला की सगळ्या गाडीला वास मारतो.